गोंदाची बाटली शेवटी उघडा: कोलाजची पहिली पावलं

कोलाज, म्हणजे कागदांचे तुकडे मांडून-चिकटवून केलेलं चित्र, करायला बसलेला नवा माणूस पहिल्या दहा मिनिटांत एक गोष्ट हमखास करतो. मासिकातला एखादा देखणा चेहरा कापतो, कोऱ्या कागदाच्या बरोबर मधोमध ठेवतो आणि चिकटवून मोकळा होतो. पुढचा तासभर त्या चेहऱ्याभोवती काय लावायचं या विवंचनेत जातो. चेहरा आता हलत नाही आणि त्याच्यापुढे बाकी कुठल्याच तुकड्याचं काही चालत नाही. माझीही सुरुवात अशीच झाली. म्हणून या लेखात गोंद बराच उशिरा येणार आहे.

घोटाळा थोडा नावातच आहे. फ्रेंचमध्ये ‘कोले’ म्हणजे चिकटवणं, त्यावरून कोलाज. त्यामुळे चिकटवणं हेच मुख्य काम, असं वाटतं. प्रत्यक्षात ते शेवटच्या अर्ध्या तासाचं काम आहे. त्याआधी शोधणं, निवडणं, कापणं, मांडणं, मोडणं आणि पुन्हा मांडणं असतं. खरं कोलाज तिथे घडतं.

आधी थोडं बघून घ्या

कात्री उचलण्याआधी एक संध्याकाळ नुसती बघण्यात घालवा. बहुतेक मोठ्या संग्रहालयांच्या वेबसाइटवर नावाजलेली कोलाज मोठी करून पाहता येतात. मात्र विषय काय आहे एवढंच बघून पुढे जाऊ नका. तुकड्यांच्या कडा बघा. कुठे कापलंय, कुठे फाडलंय, कोणता तुकडा कोणाखाली गेलाय, ते बघा.

1912 मध्ये पाब्लो पिकासोनं एका लंबगोल कॅनव्हासवर मेणकापडाचा तुकडा चिकटवला. त्या कापडावर खुर्चीच्या वेताची वीण छापलेली होती. बाकीचं चित्र रंगवलं आणि चौकटीच्या जागी भोवती चक्क दोर गुंडाळला. गंमत अशी, की वेत खोटा आहे, नुसता छापील. दोर मात्र खराखुरा. बाहेरच्या जगातली वस्तू चित्रात आली की ती आपलं पूर्वायुष्यही सोबत घेऊन येते, हे त्या एका कामात दिसतं. आकारानं ते जेमतेम 29 बाय 37 सेंटिमीटर आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चित्रकार जॉर्ज ब्राकनं लाकडासारखे रेघोटे छापलेला वॉलपेपर कापून कागदावर लावला आणि त्यावर कोळशानं फळांचं भांडं नि पेला काढला. इथे लाकूड रंगवायची गरजच उरली नाही, ते कापून आणता आलं.

मग बर्लिनची हाना ह्योख. ती एका प्रकाशनसंस्थेत भरतकामाचे नमुने काढायची नोकरी करत होती. त्यामुळे छापील मासिकं, नमुन्यांचे कागद, जाळीच्या आकृत्या हे सगळं तिच्या हाताखालचं होतं. 1920 मध्ये ‘दादा’ या बंडखोर कलाचळवळीच्या प्रदर्शनात तिनं मांडलेल्या मोठ्या फोटोमाँटाजमध्ये, म्हणजे कापलेल्या फोटोंच्या कोलाजमध्ये, राजकारण्यांची डोकी भलत्याच धडांवर बसलीत आणि मधून यंत्रांची चाकं फिरतायत. ते बघताना आकारमानाकडे लक्ष द्या. डोकं मोठं, अंग लहान, यंत्र त्याहून मोठं. फोटोत जे मोजमाप खरं वाटतं ते कात्रीच्या एका फटक्यात मोडता येतं.

हॅनोव्हरच्या कुर्ट श्विटर्सचं काम नवख्यांना सगळ्यात जास्त शिकवतं, असं माझं मत आहे. ट्रामची तिकिटं, वेष्टनं, पाकिटं, जे कोणी उचलणार नाही ते तो उचलायचा. 1919 च्या सुमारास एका बँकेच्या छापील नावातला ‘कोमेर्त्स’ हा शब्द कापताना ‘मेर्त्स’ एवढाच तुकडा उरला आणि त्यानं तेच आपल्या साऱ्या कामाचं नाव करून टाकलं. त्याच्या कामात देखणं चित्र जवळपास नसतंच. असतो तो रंगाचा, अक्षराचा आणि फाटक्या कडेचा तोल. देखणे चेहरे कापायची सवय मोडायला यासारखं औषध नाही.

आता हे आपल्याला या वयात जमेल का, हा प्रश्न मनात असेल तर अॅन रायन या अमेरिकन कलाकाराचं नाव लक्षात ठेवा. 1948 मध्ये न्यूयॉर्कमध्ये श्विटर्सचं प्रदर्शन बघितलं तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. तिथून सुरुवात करून 1954 मध्ये मृत्यू येईपर्यंत तिनं सुमारे चारशे कोलाज केली. बहुतेक लहान, हातात मावतील अशी.

जमवाजमव

पहिल्या आठवड्यात फक्त कागद गोळा करा. जुनी मासिकं, नकाशे, पाकिटं, पावत्या, जुन्या वह्यांची पानं, फाटक्या पुस्तकातल्या आकृत्या, भेटवस्तूंची वेष्टनं, कपडे शिवायचे कागदी नमुने. पुस्तक कापताना जीव कासावीस होतो, होऊ द्या. ज्या पुस्तकाची बांधणी आधीच सुटली आहे तेच घ्या म्हणजे अपराधी वाटणार नाही.

जमवलेलं कसं लावायचं, यावर माझं ठाम मत आहे: विषयानुसार लावू नका. ‘पक्षी’, ‘इमारती’, ‘माणसं’ असे गठ्ठे केले की चित्राची गोष्ट सुचते, चित्र सुचत नाही. त्याऐवजी रंगानुसार आणि पोतानुसार लावा. सगळे करडे एका ठिकाणी, सगळे तांबूस दुसरीकडे, अक्षरांचे कागद वेगळे, रेघांचे आणि जाळ्यांचे वेगळे. मग निळा तुकडा शोधताना आकाश, साडी आणि औषधाची जाहिरात एकत्र हाताला लागतात. त्यांची भेट तुम्ही ठरवून घडवू शकला नसता.

आणखी एक गठ्ठा ठेवायचा तो स्वतःच्या फसलेल्या कामांचा. 1953 मध्ये अमेरिकन चित्रकार ली क्रॅसनर आपल्या स्टुडिओत भिंतीवर लावलेल्या रेखाटनांवर वैतागली आणि ती फाडून टाकून निघून गेली. काही आठवड्यांनी परत आली तेव्हा जमिनीवरचे ते तुकडे तिला रेखाटनांपेक्षा जास्त आवडले. पुढे त्यातून तिची कोलाजची मोठी मालिका उभी राहिली. तुमची बिघडलेली जलरंगांची चित्रं, रंग पुसलेले कागद, ब्रश तपासायचे चिटोरे, सगळं ठेवा. ते दुसऱ्या कोणाकडेही नसतं.

स्वतः कागद रंगवणं हाही सोपा मार्ग आहे. फ्रेंच चित्रकार आंरी मातीसच्या शेवटच्या वर्षांतल्या कागदी कामांत छापील कागद नाहीच. त्याचे मदतनीस कोऱ्या कागदांना गुआशचे, म्हणजे अपारदर्शक जलरंगाचे, सपाट रंग द्यायचे आणि तो सरळ त्या रंगात कात्री चालवायचा. दहा-बारा कागद एका दुपारी रंगवून वाळवून ठेवले की महिनाभर पुरतात. ब्रशचे फटकारे दिसू द्या, त्यानं कागद जिवंत वाटतो.

एक सावधगिरी. जमवण्याचा नाद लागतो आणि काम राहूनच जातं. दोन खोकी भरली की तिसरं आणायचं नाही.

हत्यारं

फार लागत नाहीत. एक मोठी कात्री, एक छोटी टोकदार कात्री, पातं बदलता येणारा कटर, स्टीलची पट्टी, कटिंग मॅट, चिमटा, दोन चपटे ब्रश. प्लास्टिकच्या पट्टीला धरून कटर चालवला की पट्टी आधी कापली जाते आणि मग बोट. पातं वरचेवर बदला. बोथट पात्यानं जोर लावावा लागतो आणि जोर लावताना हात घसरतो. नव्या पात्यापेक्षा जुन्यानं झालेल्या जखमा मी जास्त पाहिल्यात.

खालचा कागद

नवखे इथे काटकसर करतात आणि पस्तावतात. वहीच्या पातळ कागदावर ओला गोंद लागला की तो पापडासारखा वाकतो. सुरुवातीला 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, जलरंगाचा गुळगुळीत कागद किंवा माउंटबोर्ड (चित्र मढवायचा पुठ्ठा) घ्या. आम्लमुक्त, म्हणजे लवकर पिवळा न पडणारा, मिळाला तर उत्तम.

कागद का वाकतो, हे एकदा समजून घेतलं तर पुढची बरीच डोकेदुखी टळते. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू बहुतांशी एका दिशेला पडलेले असतात. छपाईवाले त्याला ग्रेन म्हणतात. पाणी लागलं की तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात. म्हणून कागद ग्रेनच्या आडव्या दिशेला पसरतो आणि वाळताना पुन्हा आकसतो. ग्रेन ओळखायची सोपी युक्ती अशी: कागद न मोडता आधी उभा वाकवा, मग आडवा. ज्या वेळी कमी विरोध करतो, त्या वेळी घडीची रेघ जिकडे पडली असती त्या दिशेला ग्रेन. फाडून पाहिलंत तरी कळतं, ग्रेनच्या दिशेला कागद सरळ फाटतो, आडवा फाडला की वेडावाकडा. मोठे तुकडे लावताना त्यांचा ग्रेन आणि खालच्या पुठ्ठ्याचा ग्रेन एकाच दिशेला ठेवा. तरीही पुठ्ठा कमानीसारखा वाकला, तर मागच्या बाजूला तेवढ्याच जाडीचा कागद तोच गोंद लावून चिकटवायचा. दोन्ही बाजूंचा ताण सारखा झाला की पुठ्ठा सरळ होतो.

आकार लहान ठेवा. पोस्टकार्डाएवढा, फार तर वहीच्या पानाएवढा. 1956 मध्ये ब्रिटिश कलाकार रिचर्ड हॅमिल्टननं एका कोलाजमध्ये आधुनिक घराच्या दिवाणखान्यात पीळदार शरीराचा माणूस उभा केला होता. पॉप आर्टच्या, म्हणजे जाहिराती-मासिकांतल्या चित्रांवर उभ्या राहिलेल्या कलेच्या, इतिहासात ते चित्र सगळीकडे छापलेलं असतं, पण मूळ कोलाज साधारण 26 बाय 25 सेंटिमीटरचं आहे.

कापणं आणि फाडणं

कात्रीनं वळण कापताना कात्री फिरवू नका, कागद फिरवा. कात्रीचा हात जवळपास एका जागी राहतो, दुसरा हात कागद भरवत जातो. पहिल्याच प्रयत्नात फरक दिसेल. अगदी बारीक आतले कोपरे मात्र कटरनं, आणि तेही बाकीचा आकार कापण्याआधी. तोपर्यंत कागद मोठा असतो, धरता येतो.

फाडणं ही वेगळी कला आहे. छापील कागद फाडला की एका तुकड्याच्या कडेला आतल्या कागदाची पांढरी पट्टी उघडी पडते, दुसऱ्याच्या कडेपर्यंत रंग जातो. कुठल्या तुकड्याला पांढरी कड यावी हे तुम्ही हात कोणत्या बाजूला खेचता यावर ठरतं. रद्दीवर चार वेळा उलटसुलट करून पाहा, हाताला समजेल. ही पांढरी कड फार कामाची आहे. दोन गडद तुकडे एकमेकांत मिसळून जात असतील तर ती मध्ये रेघेसारखी उभी राहते. सरळ रेषेत फाडायचं असेल तर ओल्या ब्रशनं पाण्याची रेघ ओढा, क्षणभर थांबा आणि हळू वेगळं करा. कडेला तंतूंची मऊ लव दिसते.

आता एक निर्णय प्रत्येक कामात घ्यावा लागतो: सांधा दाखवायचा की लपवायचा? चित्रकार माक्स अर्न्स्टनं एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांतली कोरीव ठशांची चित्रं अशी जोडली, की एका चित्राच्या रेघा दुसऱ्याच्या रेघांत मिसळाव्यात. मग पक्ष्याचं डोकं असलेला माणूस खरोखरच त्या खोलीत उभा आहे असं वाटतं. श्विटर्सला सांधा लपवायचाच नव्हता. दोन्ही रस्ते खुले आहेत, पण एकाच कामात अर्धं हे आणि अर्धं ते केलं की हात कच्चा वाटतो. पहिल्या दहा कामांत सांधे उघडे ठेवा, असं मी सांगेन. लपवायला फार सफाई लागते आणि सफाईच्या मागे लागलं की मांडणीकडे दुर्लक्ष होतं.

कापताना डोळ्यांच्या जोडीला बोटांवरही विसंबा. पन्नाशी उलटल्यावर दृष्टी पूर्ण गेलेल्या चित्रकार बिनोद बिहारी मुखर्जींनी त्यानंतरही रंगीत कागदांचे आकार कापून कोलाज केली. आकार बोटांना नीट कळला असेल तर कडेची वळणं स्वच्छ येतात. एकदा डोळे मिटून, कागदाची कड चाचपत एखादं भांडं कापून पाहा. विद्रूप निघेल, पण त्यात एक धीटपणा असेल.

मांडणी: इथे वेळ घालवा

टेबल मोकळं करा. खालचा कागद ठेवा. गोंद खोलीबाहेर असला तरी चालेल.

सुरुवातीला स्वतःवर बंधन घाला. तीन रंग, पाच तुकडे, एक अक्षर. बंधन नसेल तर समोर दोनशे तुकडे असतात आणि प्रत्येक जण मला घ्या म्हणत असतो. पहिला तुकडा मधोमध ठेवू नका. एखाद्या कडेला टेकवा किंवा अर्धा कागदाबाहेर जाऊ द्या. बाहेर गेलेला भाग नंतर कापता येतो, आणि चित्र चौकटीच्या पलीकडेही चालू आहे असं वाटतं. दुसरा तुकडा पहिल्यापेक्षा बराच मोठा किंवा बराच लहान घ्या. सगळे तुकडे एकाच मापाचे झाले की फरशी बसवल्यासारखं दिसतं.

तुकडे सरकवत राहा. मातीस आपले रंगीत आकार आधी भिंतीवर टाचण्यांनी लावायचा आणि मदतनिसांकडून पुन्हा पुन्हा हलवून घ्यायचा; पक्कं चिकटवणं फार नंतर. त्याच्या काही कामांत टाचण्यांची बारीक छिद्रं अजून दिसतात. 1953 मधली त्याची ‘गोगलगाय’ जवळपास तीन मीटर लांब-रुंद आहे. तिथे घाईनं चिकटवलं असतं तर परतीचा रस्ता उरला नसता. तुमचा कागद वीतभर असला तरी टाचण्या घ्याच. फोमबोर्डवर किंवा जाड पुठ्ठ्यावर काम टाचून भिंतीला उभं करा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा. टेबलावर आडवं बघितलेलं चित्र आणि भिंतीवर उभं बघितलेलं चित्र यांत फार फरक पडतो.

मांडणी तपासायच्या काही जुन्या युक्त्या आहेत. डोळे किलकिले करून बघा, बारीकसारीक नाहीसं होतं आणि गडद-उजळाचा तोल दिसतो. मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. रंगांमुळे वेगळे वाटणारे दोन तुकडे तिथे एकच करडे निघाले तर समजा गडबड आहे. कागद उलटा करा. आरशात बघा. पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे चौकटीसारखे धरून वेगवेगळा भाग निवडून पाहा. पुष्कळदा मोठ्या फसलेल्या मांडणीत तळहाताएवढं एक चांगलं चित्र लपलेलं असतं.

प्रत्येक टप्प्यावर फोटो काढत जा. तिसरी मांडणी मोडून सातवी केल्यावर तिसरीच बरी होती, हे कळतं तेव्हा तो फोटोच कामी येतो.

काही सुचेनासं झालं तर योगायोगाला हाताशी धरा. हान्स आर्प या दादा कलाकारानं 1916-17 च्या सुमारास चौकोनी फाडलेले कागद मोठ्या कागदावर पडू दिले आणि ते जसे पडले तसे चिकटवले, असं सांगतात. त्या कामाच्या नावातही योगायोगाचा नियम आहे. पण चित्र नीट बघा. तुकडे जवळजवळ एकमेकांवर चढत नाहीत, अंतर राखून सरळसे बसलेत. म्हणजे नंतर हात फिरला असणार. मला तर ते फार दिलासा देणारं वाटतं. तुकडे उधळायचे, काय पडलं ते बघायचं आणि मग निःसंकोच सरकवायचं.

मोकळी जागा हाही एक तुकडाच आहे. नवख्यांना कोरा कागद दिसला की भरावासा वाटतो. काम पूर्ण झालं असं वाटलं की एक तुकडा उचलून बघा. चित्र बिघडलं नाही तर तो तुकडा नकोच होता. आणखी एक उचला. जो उचलल्यावर सगळं ढासळतं, तिथे थांबा.

आणि हो, डोक्याच्या जागी फुलांचा गुच्छ, कृष्णधवल बाईच्या मागे मोठा ग्रह, चहाच्या कपात पोहणारी माणसं. ही चित्रं तुम्ही कराल, सगळेच करतात. दोन-तीन करून टाका आणि पुढे व्हा.

मांडणी ठरली की त्याच दिवशी चिकटवू नका. रात्रभर राहू द्या. वर काच किंवा जड पारदर्शक पत्रा ठेवला तर वाऱ्यानं काही हलणार नाही. सकाळी पहिल्या नजरेत जे खटकेल ते खरं.

आता गोंद

गोंदाबद्दल थोडं सविस्तर, कारण चुकीचा गोंद चार-पाच वर्षांनी सूड उगवतो. माझी सुरुवातीची काही कामं मी रबर सोल्यूशननं चिकटवली होती. लावायला झकास, सुरकुती नाही, जास्तीचं बोटानं घासून काढता येतं. पुढे त्याचे पिवळट-तपकिरी डाग वर उमटले आणि तुकडे एकेक करून सुटले. पारदर्शक चिकटपट्टीचीही तीच गत. स्प्रेचा गोंद मोकळ्या हवेतच वापरावा लागतो, घरात टाळा.

ग्लू स्टिकमध्ये ओल कमी, त्यामुळे सरावाला ती छान. मात्र कडा पुढे सुटू शकतात. टिकाऊ कामासाठी मला तीन पर्याय योग्य वाटतात. गव्हाच्या स्टार्चची खळ: ताजी शिजवावी लागते, ओली असल्यानं कागद पसरतो, पण वाळल्यावरही पाण्यानं सोडवता येते. म्हणूनच कागद जतन करणारे लोक ती वापरतात. पीव्हीए, म्हणजे बाटलीतला नेहमीचा पांढरा गोंद: पक्का, झटपट, एकदा वाळला की परत फिरता येत नाही. आम्लमुक्त असं लिहिलेला बघून घ्या. तिसरा, अॅक्रिलिकचं मॅट मीडियम, म्हणजे रंग नसलेलं, चमक न येणारं अॅक्रिलिक: तुकड्याच्या खालीही लागतं आणि वरूनही हात देता येतो. पातळ टिश्यू कागदांना हे उत्तम, कागद अर्धपारदर्शक होऊन खालचा रंग वर येतो.

लावायची पद्धत अशी. एक जुनं जाडजूड मासिक शेजारी उघडून ठेवा. तुकडा त्यावर पालथा ठेवा आणि मधून बाहेर ब्रश मारत कडेच्या पलीकडेपर्यंत गोंद न्या. कडा कोरड्या राहिल्या तर त्याच आधी सुटतात. थर पातळ हवा. गोंद डबक्यासारखा दिसला तर जास्त झाला. तुकडा उचलला की मासिकाचं पान उलटा, नाहीतर पुढच्या तुकड्याच्या तोंडाला मागच्याचा गोंद लागेल. हा सल्ला फालतू वाटेल. एकदा एखादा सुंदर तुकडा खराब झाला की पटेल.

पातळ कागद गोंद लागल्यावर अर्धा-एक मिनिट तसाच ठेवा. जो काही पसरायचा तो हातात पसरतो, मग बसवल्यावर सुरकुत्या कमी येतात. एका कडेनं टेकवत हळूहळू सोडा. वर ट्रेसिंग पेपर ठेवून मधून बाहेर दाबत जा. सरळ बोटांनी घासलं तर छपाईची शाई पुसते.

ठरलेली मांडणी न बिघडवता चिकटवायची कशी, हा सगळ्यांचा प्रश्न. मी सगळं उचलत नाही. मांडणीच्या अर्ध्या भागावर वजन ठेवायचं, उरलेल्या अर्ध्यातले तुकडे वरून उचलून त्याच क्रमानं बाजूला लावायचे, सगळ्यात खालचा आधी चिकटवायचा आणि वर चढत जायचं. मग वजन इकडे, काम तिकडे. मोबाइलमधला फोटो समोर ठेवा. थोडंसं सरकणारच. सरकलेलं कधीकधी मूळ जागेपेक्षा बरं दिसतं.

शेवटी वर बटर पेपर, त्यावर सपाट पाटी, त्यावर जाड पुस्तकं. चोवीस तास. मध्येच उघडून बघायचा मोह होतो. तासाभरानं बटर पेपर एकदा बदलायला उघडा, त्या निमित्तानं बघून घ्या.

टिकणं आणि हक्क

वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतोच. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन नावाचं द्रव्य उजेडानं आणि हवेनं रंग बदलतं. 1912 मध्ये चिकटवलेली वर्तमानपत्रं आज तपकिरी दिसतात, आणि ती तशीच आपल्या सवयीची झालीत. तो रंगबदल नको असेल तर चांगल्या कागदावर झेरॉक्स किंवा लेझर प्रिंट घ्या. इंकजेटची शाई ओल्या गोंदात पसरू शकते, आधी तपासा. घरातला एकुलता एक जुना फोटो कधीही मूळ कापू नका.

चौकट करताना काच कामाला टेकता कामा नये. मध्ये माउंट, म्हणजे अंतर राखणारी पुठ्ठ्याची चौकट, हवा. थेट ऊन पडेल अशा भिंतीवर लावू नका.

दुसऱ्याच्या छायाचित्रांचं काय? स्वतःच्या सरावासाठी कापलं तर कोणी विचारत नाही, पण काम विकायचं किंवा छापायचं असेल तर प्रश्न येतो आणि कायदे देशागणिक वेगळे आहेत. निर्धोक मार्ग म्हणजे स्वतःचे फोटो, स्वतः रंगवलेले कागद आणि हक्कमुक्त चित्रं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं 2017 मध्ये आणि स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संग्रहालय-संस्थेनं 2020 मध्ये लाखो प्रतिमा कुठल्याही वापरासाठी खुल्या केल्या. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमचा संग्रहही असाच धुंडाळता येतो. जुनी वनस्पतिचित्रं, नकाशे, शरीररचनेचे तक्ते, सगळं तिथे आहे.

कामाच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीनं तारीख, गोंदाचं नाव आणि कागद कुठून आले ते लिहा. पाच वर्षांनी एखादा तुकडा सुटला किंवा डाग पडला तर दोष कोणाचा, हे त्या ओळीवरून कळतं.

पहिल्या महिन्यात काय करायचं

एक मोठं काम डोक्यात घेऊन बसू नका. पोस्टकार्डाच्या मापाचे दहा पुठ्ठे कापा आणि दहाही एकाच बैठकीत मांडायला घ्या. एकावर अडलात की तुकडा उचलून दुसऱ्यावर ठेवा. दहा शेजारी असले की कुठल्याच एकावर जीव जडत नाही आणि हात सैल राहतो. त्यातले पाच मोडा. तीन रात्रभर ठेवा. दोन चिकटवा.

हळू काम आवडत असेल तर अठराव्या शतकातल्या मेरी डिलेनी या इंग्रज बाईची फुलं बघा. 1772 च्या सुमारास, बहात्तराव्या वर्षी तिनं रंगीत कागदांचे बारीक तुकडे काळ्या कागदावर लावून फुलं करायला घेतली. नजर अधू होईपर्यंत, दहा वर्षांत, हजाराला थोडी कमी झाली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. एकेका फुलात पाकळीच्या शिरेसाठी वेगळा तुकडा, सावलीसाठी वेगळा. असं एखादं पान करून पाहा, फक्त तीन हिरव्या कागदांत.

काम आटोपलं की टेबल झाडण्याआधी एक मिनिट थांबा. तुम्ही घोडा कापला असेल तर खाली घोड्याच्या आकाराचं भोक पडलेला कागद उरला असेल. तो फेकू नका. कोऱ्या पुठ्ठ्यावर ठेवा, भोकाखाली एखादा नकाशा सरकवा, मग अक्षरांचं पान, मग लाल रंगवलेला चिटोरा. गोंदाला झाकण आहे ना, ते बघा.